येणे, जाणे आणि मधली मिनिटे

रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकात लहान स्थानकासमोर एकच वेळ छापलेली असे आणि मोठ्या स्थानकासमोर दोन, एक गाडी येण्याची आणि एक सुटण्याची. बारीक टाइपातले ते जाड पुस्तक मी शाळेत असल्यापासून पानोपानी वाचत आलो. मुंबईहून निघालेली मेल गाडी चाळीसगावला किंवा जळगावला काही मिनिटांत आटोपते घेई. भुसावळला मात्र या दोन वेळांमध्ये पंधरा, वीस, क्वचित त्याहूनही अधिक मिनिटांचे अंतर असे. जळगावहून अवघ्या 24 किलोमीटरवरच्या गावात गाडीला एवढे काय काम असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि पुढे भुसावळात मी ज्या ज्या फलाटावर बसलो, ज्या ज्या कुंपणाशी रेंगाळलो, ते सगळे या एका प्रश्नापायी.

अर्धे उत्तर नकाशात मिळते. मुंबईपासून 444 किलोमीटरवर भुसावळला लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक उत्तरेला वळून तापी ओलांडतो आणि सावदा, निंभोरा, रावेर करीत बऱ्हाणपूर, खंडवा आणि पुढे इटारसीकडे जातो. दुसरा पूर्वेला वरणगाव, बोदवड, मलकापूर असा वऱ्हाडात शिरतो आणि नागपूर गाठतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेल्या 'जीआयपी'ने, हे काम 1860 च्या दशकात केले. थळ घाटातला मार्ग 1865 साली खुला होईपर्यंत खानदेशातले रूळ मुंबईशी सलग जोडलेलेही नव्हते. घाटाखालची रेल्वे वेगळी आणि घाटावरची वेगळी, असा काही काळ कारभार चालला. एवढी घाई कशासाठी, तर कापसासाठी. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कपाशीला एकाएकी मोल आले. नागपूरचा फाटा 1867 साली पुरा झाला. इटारसीकडचा फाटा 1870 साली जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला जाऊन मिळाला आणि मुंबई ते कलकत्ता अशी रुळांची सलग वाट तयार झाली. या सगळ्याच्या मधोमध भुसावळ नावाचे खेडे होते. त्याचे शहर रेल्वेने केले.

पण फाटा फुटतो एवढ्या कारणाने गाडी वीस मिनिटे थांबत नाही. त्यासाठी गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट आणि सिग्नल पुरतात. गाडी तिथून भरधावही निघून जाऊ शकते. ती थांबते, कारण तिला तिथे काहीतरी करून घ्यायचे असते. उत्तराचा हा दुसरा अर्धा भाग नकाशात नसतो, तो जागेवर जाऊनच पाहावा लागतो.

वाफेचे इंजिन हे तान्ह्या मुलासारखे प्रकरण होते. दर काही तासांनी त्याला पाजायचे, भरवायचे आणि खालचे स्वच्छ करायचे. इंजिनामागच्या टेंडर नावाच्या गाड्यात पाणी भरायचे, कोळसा भरायचा, फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीच्या, जाळीत अडकून दगड झालेली राख खरवडून काढायची, आणि ठराविक दिवसांनी बॉयलर थंड करून आतला क्षार धुवायचा. असे इंजिन मुंबईहून थेट दिल्लीला नेणे कोणाच्या मनातही येत नसे. ठराविक टप्प्यावर दमलेले इंजिन काढायचे आणि ताजे लावायचे, हा जगभरचा रिवाज होता, आणि तो टप्पा जिथे पडे तिथे शेड, कोळशाचा ढीग, पाण्याच्या टाक्या, कारखाना, आणि हे सगळे चालवणाऱ्या माणसांची वस्ती उभी राही. 1 जून 1912 पासून धावणाऱ्या पंजाब मेलने या मार्गावर किती पिढ्यांची इंजिने बदलली असतील, याचा हिशोब करायला मला अजूनही आवडते.

मी ऐंशीच्या दशकात हिंडू लागलो तेव्हा बड्या गाड्यांवरून वाफेची इंजिने उतरली होती, पण शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, आणि काही मालगाड्यांवर ती अजून दिसत. आमच्या गल्लीतले एक काका भुसावळला आधी फायरमन आणि पुढे ड्रायव्हर होते. माझे वेळापत्रकाचे वेड त्यांच्या कानावर गेले होते. "इंजिन बघायचं ना तुला? मग रात्री ये," ते म्हणाले. "दिवसा नुसतं तापलेलं लोखंड, त्यात काय बघणार?" मी परवानगीचे विचारले, तर म्हणाले, "माझ्यामागे राहा, कशाला हात लावू नको, आणि कोणी विचारलंच तर पुतण्या म्हणून सांग." कोणी विचारले नाही.

त्या रात्री राख काढण्याच्या खड्ड्यावर एक डब्ल्यूजी उभे होते. चित्तरंजनच्या कारखान्याने 1950 पासून जी इंजिने मोठ्या संख्येने बांधली, त्यांतले हे मालगाडीचे दणकट इंजिन. खड्ड्याच्या कडेला एक माणूस लांब दांड्याच्या आकड्याने आतली राख खाली ओढत होता. प्रत्येक ओढीसरशी लाल निखाऱ्यांचा ढिगारा रुळांच्या मध्ये कोसळे, दुसरा माणूस त्यावर पाणी मारी, आणि वाफेच्या पांढऱ्या लोटात दोघेही काही क्षण दिसेनासे होत. वाफ विरली की पहिला पुन्हा आकडा आत घालताना दिसे. अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला, डोक्याला ओले फडके, पायांत टायरच्या चपला. मे महिन्यातल्या भुसावळच्या उकाड्यात ते फायरबॉक्सच्या तोंडाशी काम करीत होते. त्यानंतर वाफेच्या इंजिनाविषयी कोणी फार हळवे होऊन बोलू लागले की मला त्या दोघांची आठवण होते. इंजिन सुंदर होते, यात वाद नाही. पण ते चालते ठेवण्याचे काम कोणालाही लागू नये असे होते, आणि काकांनीही कधी त्याचे गोडवे गायले नाहीत. पुढे विजेच्या इंजिनावर गेल्यावर त्यांना पंख्याखाली बसून गाडी चालवायला मिळाली, याचेच त्यांना अप्रूप होते.

विजेच्या इंजिनांनी भुसावळचे महत्त्व लगेच कमी केले नाही, उलट काही काळ वाढवलेच. साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीपासून भुसावळपर्यंत 25,000 व्होल्टची तार आली आणि पुढे कित्येक वर्षे ती इथेच संपत असे. मुंबई ते इगतपुरी जुनी, 1,500 व्होल्ट डीसी पद्धतीची वीज होती. त्यामुळे मुंबईहून निघालेली गाडी इगतपुरीला एकदा इंजिन बदले आणि भुसावळला दुसऱ्यांदा. भुसावळच्या पुढे डिझेल. हा दुसरा बदल मी फलाटाच्या मुंबईकडच्या आणि खंडव्याकडच्या अशा दोन्ही टोकांना उभा राहून इतक्या वेळा पाहिला की त्याचा क्रम आजही झोपेतून उठवले तरी सांगता येईल.

गाडी थांबते न थांबते तोच एक माणूस इंजिन आणि पहिला डबा यांच्या मधल्या फटीत वाकून शिरे. धक्का झेलणाऱ्या दोन बफरांच्या मध्ये जेमतेम एका माणसाची जागा. तो आधी ब्रेकचे, म्हणजे व्हॅक्यूमचे, रबरी पाईप सोडवी. हवा आत शिरताना मोठा फुत्कार होई आणि गाडीचे ब्रेक घट्ट बसत. मग इंजिन डब्याला जोडणाऱ्या स्क्रू कपलिंगचा दांडा फिरवून ते सैल करी, कडी उचलून हुकावरून काढी, बाहेर येऊन हात वर करी. इगतपुरीहून आलेले डब्ल्यूएएम-4 हे विजेचे इंजिन छपरावरचा पँटो तारेला लावलेल्या स्थितीतच पुढे सरके आणि बाजूच्या रुळावर निघून जाई. थोडा वेळ गाडीला तोंडच नसे. मग दुरून इटारसी शेडचे डिझेल मागे मागे येई, शेवटच्या काही फुटांवर जवळजवळ थबके, आणि बफर बफराला लागताना होणारा तो दबका धक्का सबंध गाडीतून शेवटच्या डब्यापर्यंत जाई. तोच माणूस पुन्हा आत. कडी, स्क्रू, पाईप. यानंतरची मिनिटे सर्वांत लांब वाटत, कारण डोळ्यांना काहीच दिसत नसे: इंजिन पाईपांतली हवा ओढून निर्वात करीत असे, आणि पार मागे गार्डच्या डब्यातला काटा पुरेसा चढेपर्यंत गाडी हलत नसे. प्रवासी खिडकीतून "सिग्नल नाही का?" असे विचारीत. सिग्नल पुष्कळदा आधीच मिळालेला असे.

याच मिनिटांवर फलाटाचा संसार चाले. चहावाला, पुरीभाजी, घडावरून मोजून दिलेली केळी. डब्यांवर चढून पाणी भरणारे, चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकत जाणारे तपासनीस, उतरणारा गार्ड आणि त्याची लोखंडी पेटी, चढणारा गार्ड आणि त्याची पेटी.

यार्ड मात्र फलाटावरून दिसत नसे. त्यासाठी गावाबाहेरच्या पुलावर उभे राहावे लागे. भुसावळचा माणूस आपले यार्ड आशियात सर्वांत मोठे असल्याचे सांगतो. मुगलसरायचा माणूसही तेच सांगतो, आणि रेल्वेच्या कोणत्याही मोठ्या गावात हा दावा ऐकू आला तर त्याला हसून मान डोलवावी, हे मी शिकलो आहे. मोठे मात्र ते होतेच. त्या काळी व्यापाऱ्याला एकेक वाघिण, म्हणजे मालगाडीचा डबा, भाड्याने मिळे. अकोल्याची सरकी, जळगावची डाळ, कोळसा, सिमेंट, प्रत्येकाची वाघिण वेगळ्या गावची. मग अशा मिश्र गाड्या यार्डात तोडायच्या, वाघिणी दिशेप्रमाणे वेगळ्या रुळांवर ढकलायच्या आणि नव्या गाड्या बांधायच्या. रात्री शंटिंगचा आवाज शहरभर ऐकू जाई. सुटी वाघिण रांगेला जाऊन आदळली की एकामागोमाग एक बफर वाजत लांबवर जात.

या गर्दीत केळ्यांच्या वाघिणींची बडदास्त वेगळी. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवर हिरवे घड भरले जात आणि बहुतेक माल दिल्लीकडे जाई. केळी झाडावरून उतरली की तिचे घड्याळ सुरू होते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद वाघिणीत ते दुप्पट वेगाने चालते. एक दिवस कुठे गाडी खोळंबली तर दिल्लीला पिवळा चिखल पोहोचायचा. म्हणून रावेर-यावलच्या लेवा शेतकऱ्याला वाघिणी कधी मिळणार, इंजिन कधी लागणार, याची जेवढी खडान्‌खडा माहिती असे, तेवढी माझ्यासारख्या छंदिष्टालाही नसे. पॅसेंजरच्या डब्यात शेजारी बसलेल्या धोतर-टोपीतल्या बाबांनी मला मालगाडीच्या वेळांबद्दल दुरुस्त केल्याचे चांगले आठवते. पुढे केळी ट्रकांवर गेली. अधूनमधून केळ्यांच्या खास गाड्या निघतात, 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली तीही भुसावळवरूनच गेली; पण वाघिणीसाठी शेतकऱ्याने स्टेशन मास्तरचे उंबरे झिजवण्याचे दिवस संपले. ते संपले हे बरेच झाले.

रेल्वे वसाहतीत हिंडताना आणखी एक माणूस भेटे, तो म्हणजे कॉलबॉय. वयाने पन्नाशीचा असला तरी कॉलबॉयच. अपरात्री सायकलवरून येऊन तो ड्रायव्हरचे दार वाजवी, वही पुढे करी, कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात वेळ आणि सही घेई, आणि पुढच्या दाराकडे वळे. काकांच्या घरी एकदा मुक्कामाला असताना मी ती वही जवळून पाहिली. झोपेतल्या माणसांच्या वाकड्यातिकड्या सह्या, काही मराठी, काही इंग्रजी, एक तेलुगू. वसाहतीत तशीच माणसे होती: अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची जुनी घरे, आंध्रातून आलेली कुटुंबे, उत्तरेकडची, आणि आसपासच्या खेड्यांतले आपले लोक. भुसावळची बोली जळगावच्या मानाने अधिक हिंदीमिश्रित का, याचे उत्तर त्या वहीत होते.

जुन्या वस्तू शोधण्याचा नाद मला पुढे लागला. रेल्वे काहीही टाकून देत नाही; झिजलेला रूळ कुंपणाचा खांब होतो, फलाटाच्या छपराचा आधार होतो, गटारावरची फळी होतो. रुळाच्या पोटावर तो ओतला-लाटला तेव्हाची उठावाची अक्षरे असतात, कारखान्याचे नाव, साल, कधी कंपनीची आद्याक्षरे. रंगाच्या अनेक थरांखाली ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण खडूचा तुकडा आडवा धरून फिरवला की एकेक उमटू लागतात. कोणा घराच्या परसात कपडे वाळत घालायच्या तारेचा खांब विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा विलायती रूळ निघतो, आणि घरातली बाई दारात उभी राहून "काय शोधताय भाऊ?" असे संशयाने विचारते. उत्तर दिले की तिचा संशय अधिकच वाढतो.

खानदेशातली इतर जंक्शनेही अशाच एकेका कामावर जगत. चाळीसगावहून धुळ्याचा फाटा 1900 साली निघाला. धुळ्याहून मुंबईला जाणारा थेट डबा चाळीसगावला पॅसेंजरमधून काढून मोठ्या गाडीला जोडला जाई. धुळ्याची माणसे अंथरूण न आवरता झोपून राहत आणि शंटिंगच्या हिसक्याने जागी होऊन पुन्हा झोपत. जळगावला सुरतेकडून येणारा ताप्ती व्हॅलीचा मार्ग मिळतो; 1951 साली मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्यावर तिथे दोन रेल्वेंची हद्द आली. पाचोऱ्याचे काम सर्वांत नाजूक होते. तिथून जामनेरला 56 किलोमीटरची नॅरो गेज जाई, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी. एकीकडे 1,676 मिलिमीटरचे रूळ आणि दुसरीकडे 762 चे. माल असो की माणूस, प्रत्येकाला इथे उतरून चढावेच लागे. 'पीजे' मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटली नाही. आता तो मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेतले आहे.

भुसावळची कामे एकेक करून गेली, आणि प्रत्येक जाण्यामागे चांगले कारण होते. आधी वाफ गेली. ऐंशीच्या दशकात रेल्वेने एकेक वाघिण घेण्याऐवजी सबंध गाडीभर एकच माल एकाच ठिकाणी न्यायचे धोरण धरले, आणि गाड्या तोडण्या-बांधण्याचे यार्ड हळूहळू ओस पडले. 1990 च्या सुमारास तार इटारसीकडे आणि नागपूरकडे गेली, मग इंजिन बदलायचे कारण उरले नाही. व्हॅक्यूमच्या जागी एअर ब्रेक आले. इगतपुरीपर्यंतची डीसी वीजही नंतर बंद झाली आणि मुंबईचे इंजिन थेट निघू लागले. धुळ्याचा डबा बंद झाला. डिसेंबर 2022 पासून त्या फाट्यावर मेमू, म्हणजे वेगळे इंजिन न लागणारी विजेची गाडी, धावते. भुसावळला आता बहुतेक गाड्या पाच-दहा मिनिटांत सुटतात: ड्रायव्हर-गार्ड बदलतात, म्हणजे आजच्या भाषेत लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर, आणि डब्यांत पाणी भरले जाते. विजेच्या इंजिनांची शेड आणि कारखाना आहे, विभागाचे मुख्यालय आहे, प्रशिक्षण संस्था आहे, जळगावपर्यंत जादा मार्ग टाकले गेले आहेत. गाड्यांची संख्या माझ्या तरुणपणापेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यामुळे भुसावळ मेले, असा जो सूर काही जुने लोक लावतात तो मला मान्य नाही. फलाटावरच्या विक्रेत्याला मात्र विचारावे. गाड्या वाढल्या आणि धंदा घटला, हे तो एका वाक्यात सांगतो, कारण पाच मिनिटांत उतरून पुरीभाजी घेण्याचे धाडस कोणी करीत नाही.

आता माझे लक्ष बोरविहीरकडे आहे. चाळीसगाव-धुळे मार्गावरचे हे छोटे स्थानक खानदेशाबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिथून ताप्ती व्हॅलीवरच्या नरडाण्यापर्यंत नवा मार्ग होत आहे, 2019 च्या फेब्रुवारीत त्याची पायाभरणी झाली. आणि मनमाड-इंदूर मार्गाला 2024 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. म्हणजे खानदेशात फार वर्षांनी नवे जंक्शन होणार. तिथे इंजिन बदलायचे नाही, राख काढायची नाही, डबा तोडायचा नाही. मला एवढेच पाहायचे आहे की नरडाण्याकडून येणारे रूळ बोरविहीरला चाळीसगावच्या दिशेने वळवतात की धुळ्याच्या. चाळीसगावच्या दिशेने वळवले, तर नरडाण्याहून धुळे स्थानकात जाणाऱ्या गाडीला बोरविहीरला तोंड फिरवावे लागेल, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागेल, आणि वेळापत्रकात बोरविहीरसमोर दोन वेळा छापाव्या लागतील. रुळांची आखणी करणारे अभियंते ही गोष्ट टाळण्याचाच प्रयत्न करतील, आणि त्यांनी तो करावाच; पण खडी पडू लागली की मी एकदा तिकडे जाऊन वळण कोणत्या बाजूला घेतले आहे ते पाहून येणार आहे.